तुटलेली तार मृत व्हायलाच हवी: वीज वितरण कंपन्या, नियामक आयोग आणि विद्युत निरीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वीज वितरण कंपन्यांचे व्यवस्थापकीय संचालक,
अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२१ मध्ये केंद्र सरकारने वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी आरडीएसएस (रिव्हॅम्प्ड डिस्ट्रिब्युशन सेक्टर स्कीम) ही ३,०३,७५८ कोटी रुपयांची योजना आणली. तिची दोन उद्दिष्टं सगळ्यांना पाठ आहेत: तांत्रिक आणि व्यावसायिक हानी १२ ते १५ टक्क्यांवर आणायची आणि विजेचा खर्च व वसुली यांतली तफावत शून्यावर न्यायची. त्यासाठी स्मार्ट मीटर आले. मीटरला माझा विरोध नाही. पण या दोन्ही आकड्यांत एक गोष्ट कुठेच मोजली जात नाही. खांबावरची तार तुटून खाली पडली, तर तिच्यातली वीज बंद होते का?

रिले (दोष ओळखून वीज तोडायची आज्ञा देणारी उपकरणं) तपासणं, त्यांची सेटिंग काढणं आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) का जळालं याचा माग काढणं हे माझं काम. ज्यांच्यासाठी हे काम करायचं ती माझी माणसं याच तारांखालून शेतात जातात, मोटार चालू करायला रात्री बाहेर पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा देशाचा आकडा वर्षानुवर्षं दहा हजारांच्या वर असतो. यातले सगळे मृत्यू वितरणाच्या तारांमुळे होत नाहीत, हे मान्य. पण जे होतात, त्यांतले बरेच टाळता येतात. ते कसे टाळायचे हे आपल्या अभियंत्यांना पूर्ण ठाऊक आहे. म्हणून हे पत्र खासगीत न पाठवता सर्वांसमोर लिहितो आहे.

पहिली तक्रार फ्यूजची.

११ केव्हीचे (११,००० व्होल्टचे) ४३३ व्होल्ट करणारं १०० केव्हीए क्षमतेचं रोहित्र घ्या, म्हणजे गावातली डीपी. पूर्ण भाराला ते उच्चदाब बाजूला सव्वापाच अँपिअर आणि लघुदाब बाजूला १३३ अँपिअर घेतं. त्याचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) ४.५ टक्के. म्हणजे लघुदाब टोकांवर थेट तिन्ही फेज एकत्र चिकटल्या, तर तिथे साधारण ३,००० अँपिअर वाहतात, आणि त्याच वेळी ११ केव्हीच्या बाजूला फक्त ११७. आता डीपीवरचा, ११ केव्हीच्या बाजूचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज बघा. त्यात अनेक ठिकाणी वेझल कंडक्टरचा (वाहिनीच्या एका प्रकारच्या तारेचा) एक धागा पिळून बांधलेला असतो. तो २.५९ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा धागा. तार वितळण्याच्या प्रवाहाचं प्रीसचं जुनं सूत्र लावलं, तर तो सुमारे २५० अँपिअरला वितळतो. रोहित्राच्या टोकांवर तिन्ही फेजच्या शॉर्टहून मोठा शॉर्ट होऊच शकत नाही, आणि तेव्हाही फ्यूजमधून ११७ अँपिअरच जातात, म्हणून तो उडणार नाही. रोहित्राने असा शॉर्ट दोन सेकंद सोसावा असं मानक सांगतं. त्यानंतर गुंडाळी जळते, तेल तापतं, टाकी फुगते. मग सगळे म्हणतात, डीपी जळाली. खरं तर तिला वाचवायला काहीच नव्हतं.

त्या जागी ३० गेजची, ०.३१५ मिलिमीटरची तांब्याची तार असती, तर ती १४ अँपिअरच्या आसपास उडाली असती. पूर्ण भाराच्या पावणेतीन पट. हिशेब अगदी साधा आहे.

मग जाड तार का बांधली जाते? याचा दोष वायरमनवर टाकून मोकळं होता येणार नाही. बारीक तार वाऱ्याने हलून तुटते. योग्य मापाच्या फ्यूज लिंक (फ्यूजच्या तयार तारा) भांडारात मिळत नाहीत, मिळाल्या तर एका उपविभागाला आठवडाभरही पुरत नाहीत. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे पंप. पाच एचपीच्या मोटारीला साधारण आठ अँपिअर लागतात, म्हणजे ५.८ केव्हीए. १०० केव्हीएच्या डीपीवर असे १७ पंप बसतात. प्रत्यक्षात २२-२५ असतात, शिवाय तारेवर आकडे टाकून घेतलेली वीज वेगळी. शेतीला वीज अवेळी येते म्हणून शेतकऱ्यांनी ऑटो स्विच लावले आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. वीज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. चालू होताना मोटार सहा पट प्रवाह ओढते. २२ मोटारींचे काही सेकंद हजाराच्या वर अँपिअर होतात. योग्य फ्यूज उडतो, गाव अंधारात जातं, वायरमनला रात्री फोन येतो. तिसऱ्या फोननंतर तो जाड तार बांधतो. ती बांधायला त्याला नियोजनातल्या चुकीने भाग पाडलं आहे.

डीपी जळाली की त्याच क्षमतेची दुसरी बसवली जाते. जळण्याचं कारण जिथल्या तिथे राहतं. काही महिन्यांनी तीही जळते. दरम्यान शेतकरी वर्गणी काढून, ट्रॅक्टरला पैसे देऊन रोहित्र आणतात.

दुसरी तक्रार लघुदाब वाहिनीच्या, म्हणजे डीपीपासून घरा-शेतांपर्यंत जाणाऱ्या तारांच्या लांबीची. ही गोष्ट फार कमी लोक बोलतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

वेझल कंडक्टरचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम. डीपीपासून एक किलोमीटरवर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर जाण्यायेण्याचा मार्ग धरून इम्पिडन्स दोन ओहमच्या आसपास होतो. २४० व्होल्टला १२० अँपिअर. म्हणजे टोकाला पूर्ण शॉर्ट झाला, तरी डीपीला तो आपल्या पूर्ण भारापेक्षाही लहान दिसतो. तिथे ९० अँपिअरचा एमसीसीबी (जादा प्रवाहाला आपोआप उघडणारा स्विच) बसवला असता, तरी १.३ पट प्रवाहाला त्याने दोन तासांच्या आत उघडावं एवढीच अपेक्षा मानकात आहे. तोवर तारा तापून झोळ वाढतो, खालच्या उसाला आग लागते. ऊस जळाल्याच्या पंचनाम्यात ‘तारांचं घर्षण’ एवढंच लिहिलं जातं.

आणि ही झाली पूर्ण शॉर्टची गोष्ट. फेजची तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर जमिनीचा स्पर्शरोध ५० ओहम सहज असतो. पाच अँपिअर. एका मोटारीपेक्षा कमी. जगातला कुठलाही फ्यूज यावर उडणार नाही. ती तार दिवसभर जिवंत राहते. लघुदाबाच्या उघड्या तारांवर याला रिलेचा उपाय नाही, उपाय आहे तो नियोजनात. वाहिनी लहान ठेवायची, डीपी भाराजवळ न्यायची, उघड्या तारेऐवजी एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) टाकायची. राज्यात २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांसाठी एक लहान रोहित्र देण्याचं काम सुरू झालं, ते याच तत्त्वावर. तांत्रिकदृष्ट्या तो योग्य निर्णय होता. पण जुन्या डीपींच्या किलोमीटर-दीड किलोमीटर लांब शेपट्या तशाच आहेत, आणि नव्या जोडण्यांसाठी आजही त्यांना आणखी खांब जोडले जातात.

न्यूट्रलचंही सांगायला हवं. तो तुटला की घरातल्या एकफेज उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब येऊ शकतो. टीव्ही, फ्रीज, पंखे एकाच संध्याकाळी जातात. रोहित्राच्या न्यूट्रलला दोन वेगवेगळी भूसंपर्कनं (अर्थिंग) हवीत हा नियम आहे. प्रत्यक्षात गंजलेली जीआय तार खांबाच्या बुडाशी तुटलेली दिसते, कधी चोरीला गेलेली असते. ‘अर्थिंग चांगलं आहे’ एवढ्यावरही भागत नाही. पाच ओहमचं उत्तम भूसंपर्कन २४० व्होल्टला ४८ अँपिअरच वाहू देतं, त्याने १०० अँपिअरचा फ्यूज उडत नाही. न्यूट्रल अखंड हवा, आणि भूसंपर्कन त्याच्या जोडीला.

तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार ११ केव्हीच्या तुटलेल्या तारेची.

रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून जाणारी उघडी तार तुटली, तर ती विद्युतदृष्ट्या निरुपद्रवी करणारं, निरीक्षकाने मान्य केलेलं साधन असलंच पाहिजे. हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ९१ व्या नियमात होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ते आलं. २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुटलेल्या जिवंत तारेने मृत्यू झाला, तर मंडळाची जबाबदारी कठोर आहे, म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. आकडा टाकणाऱ्या कुणाकडे बोट दाखवून ती सुटत नाही. कायदा स्पष्ट आहे. आता उपकेंद्रात जाऊन बघा.

३३/११ केव्ही उपकेंद्राच्या फीडरवर (तिथून निघणाऱ्या ११ केव्हीच्या वाहिनीवर) दोन ओव्हरकरंट (जादा प्रवाहाचे) आणि एक अर्थ फॉल्ट (जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाचा) रिले असतो. २०० अँपिअरचा सीटी (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) आणि अर्थ फॉल्टचं सेटिंग २० टक्के धरलं, तरी रिले ४० अँपिअरला जागा होतो. फेजचा जमिनीशी दाब ६,३५० व्होल्ट. मुरमाड माळावर पडलेल्या तारेचा स्पर्शरोध ५०० ओहम धरला, तर प्रवाह १३ अँपिअर. कोरड्या वाळूवर किंवा डांबरावर जवळपास शून्य. रिले हलत नाही. फीडर चालू राहतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे उपकेंद्राकडचं टोक चिनीमातीच्या इन्सुलेटरवर लटकून राहतं आणि पलीकडचं, डीपीकडचं टोक जमिनीवर पडतं. बघणाऱ्याला वाटतं, या तारेला पुरवठाच नाही. पण पुढच्या रोहित्रांच्या डेल्टा (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या) गुंडाळीतून उरलेल्या दोन फेज तिला उलट वीज देतात. प्रवाह इतका कमी असतो की उपकेंद्राला काही कळत नाही, आणि माणूस मारायला तो पुरेसा असतो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. आपली ११ केव्ही प्रणाली तीन तारांची आहे, रोहित्रं डेल्टा-स्टार. त्यामुळे निरोगी फीडरवर भाराचा प्रवाह जमिनीतून जातच नाही. म्हणून कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही तारांच्या प्रवाहांची एकत्र बेरीज मोजणारा) बसवून, पाच अँपिअरच्या आसपास, पाच ते दहा सेकंदांच्या विलंबाने काम करणारा संवेदनशील अर्थ फॉल्ट रिले लावता येतो. लांब भूमिगत केबल असेल तिथे केबलचा धारिता-प्रवाह मोजून सेटिंग वाढवावं लागेल. कोकणात खाऱ्या हवेने आणि घाटमाथ्यावर धुक्याने इन्सुलेटरवरून गळती होते, तिथे काही नाहक ट्रिपिंग होईल. त्यावर उपाय इन्सुलेटर धुणं, बदलणं आणि झाडं छाटणं हा आहे. रिले बंद करून ठेवणं हा नव्हे. जिथे जमिनीत प्रवाहच जात नाही, तिथे तुटलेली तार ओळखणारी वेगळी सोय अनेक न्यूमरिकल (संगणकीय) रिलेंमध्ये आधीपासून आहे. ती तिन्ही फेजमधला असमतोल बघते. फीडरवर भार असेल तर ती उपयोगी पडते. बहुतेक ठिकाणी ती चालूच केलेली नसते.

उलट दिशेने मात्र काम होतं. ट्रिपिंगची संख्या विश्वासार्हता निर्देशांकात मोजली जाते, म्हणून फीडर वारंवार पडू लागला की सेटिंग वर नेलं जातं. निर्देशांक सुधारतो. तार तुटल्यावरचा धोका वाढतो, आणि तो मोजणारा निर्देशांक नाही. नियामक आयोगाने हे विशेषत्वाने पाहावं अशी माझी विनंती आहे.

फीडर पडल्यावर काय होतं, तेही बघा. ऑपरेटर ब्रेकर (फीडरचा मुख्य स्विच) पुन्हा चढवतो, म्हणजे चालू करतो, उडाला की परत चढवतो. क्षणिक दोषांसाठी एकदा चढवणं समजू शकतो. पण अर्थ फॉल्टचा फ्लॅग (रिलेवरची खूण) पडलेला असताना पाहणी न करता तिसऱ्यांदा चढवणं म्हणजे पडलेल्या तारेत मुद्दाम वीज सोडणं. कदाचित तोवर कुणी तिच्याजवळ गेलेलं असतं.

चौथी तक्रार उपकेंद्रातल्या बॅटरीची. रिले कितीही चांगला असो, ब्रेकर उघडायला डीसी पुरवठा लागतो. ३० व्होल्टच्या बॅटरीत १५ सेल, ११० व्होल्टच्या बॅटरीत ५५. त्यातला एक सेल आतून तुटला तरी सगळी रांग निकामी. चार्जर चालू असेपर्यंत मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पण दोष होतो तेव्हा उपकेंद्राच्या बसचं (मुख्य वीजवाहक पट्टीचं) व्होल्टेज कोसळतं, चार्जरही कोसळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बॅटरीत दम नसतो. रिलेने आज्ञा दिली, ब्रेकर उघडला नाही.

मागच्या टप्प्यावरचा रिले सांभाळून घेईल, असं समजू नये. पाच एमव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भार ३३ केव्हीला ८७ अँपिअर. ११ केव्हीला ३०० अँपिअरचा अर्थ फॉल्ट झाला, तर डेल्टा गुंडाळीमुळे ३३ केव्हीच्या बाजूला तो दोन फेजमध्ये ५८ अँपिअर एवढाच दिसतो आणि अर्थ फॉल्ट म्हणून तर दिसतच नाही. मागचा रिले स्वस्थ राहतो. मग रोहित्र जळतं किंवा तार वितळून पडते. म्हणून बॅटरीची डिस्चार्ज चाचणी, ट्रिप कॉइलची चाचणी आणि ब्रेकर रिलेवरून खरोखर उघडून पाहणं यांना पर्याय नाही. रजिस्टरमध्ये रोज तेच व्होल्टेज लिहिणं ही चाचणी नव्हे.

पाचवी गोष्ट नवी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प जोडले जात आहेत. दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याची जुनी, रास्त मागणी आहे आणि योजनेचं स्वागतच आहे. पण इन्व्हर्टर दोषाच्या वेळी आपल्या क्षमतेच्या जेमतेम सव्वापट प्रवाह देतो. रिलेची जुनी गणितं या हिशेबाने केलेली नाहीत. प्रकल्प फीडरवर जोडला असेल, तर उपकेंद्राचा ब्रेकर उघडला म्हणजे वाहिनी मृत, हे वायरमनने गृहीत धरणंही आता धोक्याचं आहे. प्रत्येक जोडणीआधी सेटिंगचा नवा अभ्यास आणि कामाच्या जागी दोन्ही बाजूंना शॉर्टिंग-अर्थिंग (तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून ठेवणं) सक्तीचं हवं.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर कुठलाही दोष नसताना झोन-३ रिले (दूरवरचे दोष ओळखणारा) भारामुळेच चालला, हे चौकशी समितीने शोधून काढलं आणि लोकांसमोर मांडलं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हाही चौकशी झाली. ती व्हायलाच हवी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की एखाद्या गावात तारेला चिकटून माणूस जातो, तेव्हा त्या डीपीत कुठल्या जाडीची तार होती, हेही तेवढ्याच काटेकोरपणे लिहिलं जावं. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची सूचना २४ तासांत द्यावी लागते आणि निरीक्षक चौकशी करतो. ते अहवाल लोकांना दिसत नाहीत. म्हणून तीच चूक पुढच्या गावात पुन्हा होते.

माझ्या मागण्या अशा:

१. प्रत्येक डीपीच्या पेटीत योग्य फ्यूजचं माप रंगवून लिहा, आणि त्या मापाच्या लिंक वायरमनच्या हातात कायम राहतील एवढा साठा प्रत्येक शाखा कार्यालयात ठेवा. साठा संपल्याची नोंद शाखा अभियंत्याच्या नावावर व्हावी, वायरमनच्या नाही.

२. जळालेलं रोहित्र बदलताना जोडलेल्या पंपांची मोजणी करा. भार जास्त असेल तर त्याच क्षमतेचं रोहित्र पुन्हा बसवू नका. ऑटो स्विचला वेगवेगळ्या विलंबाचे टायमर कंपनीनेच मोफत द्यावेत. एका जळालेल्या रोहित्राच्या खर्चात कित्येक बसतील.

३. प्रत्येक लघुदाब वाहिनीच्या शेवटच्या खांबावरचा दोषप्रवाह काढा. तो फ्यूजच्या मापाच्या तिपटीपेक्षा कमी असेल, तिथे वाहिनी तोडून नवी डीपी द्या किंवा एबी केबल टाका. तोवर त्या वाहिनीवर नवी जोडणी देऊ नका.

४. ११ केव्हीच्या प्रत्येक ओव्हरहेड फीडरवर संवेदनशील अर्थ फॉल्ट संरक्षण बसवा. अर्थ फॉल्टवर ब्रेकर उघडला, तर पाहणीशिवाय एकदाच चढवण्याची मुभा. संवेदनशील रिलेवर उघडला, तर एकदाही नाही. सुरुवात शाळा, बाजार आणि वस्तीवरून जाणाऱ्या फीडरपासून करा.

५. स्मार्ट मीटरचा उपयोग यासाठीही करा. ११ केव्हीची एक फेज तुटली, की पुढच्या डीपींवर एका फेजला पूर्ण आणि दोन फेजना अर्धं व्होल्टेज येतं. डीपी मीटर आणि घरचे मीटर ही खूण काही मिनिटांत दाखवू शकतात. हा इशारा थेट उपकेंद्राच्या ऑपरेटरला जाऊ द्या. लोकांच्या पैशाने मीटर बसत आहेत, तर त्यांनी लोकांचा जीवही वाचवावा.

६. बॅटरी, रिले, ब्रेकर आणि भूसंपर्कनाची चाचणी दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत, जमीन सर्वांत कोरडी असताना करा. उपकेंद्रनिहाय निकाल संकेतस्थळावर टाका. भूसंपर्कनाचं मोजमाप आणि तारीख डीपीच्या खांबावर रंगवा.

७. अपघाताच्या प्रत्येक अहवालात फ्यूजचं माप, रिलेचं सेटिंग, रिलेतली नोंद, तारेची जमिनीपासूनची उंची आणि ब्रेकर किती वेळा चढवला हे पाच मुद्दे सक्तीने असावेत. मृताच्या कुटुंबाची नावं वगळून हे अहवाल जाहीर करा.

८. नियामक आयोगाने दरनिश्चितीच्या वेळी संरक्षणावरचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली मागावा आणि दोष झाल्यावर किती वेळा योग्य साधन चाललं, याचा निर्देशांक ठरवावा. ट्रिपिंग कमी केल्याचं श्रेय या निर्देशांकाशिवाय देऊ नये.

यातल्या पहिल्या मागणीला, चौथ्या मागणीतल्या ब्रेकरच्या नियमाला आणि सहाव्या मागणीला ना निविदा लागते ना केंद्राची मंजुरी. अधीक्षक अभियंत्यांच्या एका परिपत्रकाने त्या लागू होतात. ते परिपत्रक येत्या पावसाळ्याआधी निघावं आणि त्याची प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीला मिळावी.

आपला,
विद्युत संरक्षण व चाचणी क्षेत्रातला एक अभियंता